आईने दिलेली किडनी आणि रात्री आठची गोळी

डायलिसिसवरच्या माणसाच्या घरी पाणी फुलपात्राने मोजतात. दिवसाचं ठरलं तेवढंच. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटली तरी बर्फाचा खडा चघळायचा आणि गप्प बसायचं. टँकरची वाट बघितलेली आम्ही तामलवाडीकडची माणसं, पाणी जपून वापरणं आम्हाला नवं नाही. पण रांजण भरलेला असून पिता येत नाही, ही तहान वेगळीच. म्हणून किडनी बदललेल्या माणसाला विचारावं, पहिलं काय आठवतं? तो टाक्यांचं सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, आता भरपूर पाणी प्या, आणि कॉटखालच्या पिशवीत लघवी उतरू लागली, हे सांगताना त्याचा गळा दाटतो.

हा आनंद खरा आहे. आठवड्यातून दोन-तीनदा सोलापूर गाठायचं, चार-चार तास मशीनला पडायचं, संध्याकाळी पिळून काढल्यासारखं अंग एसटीत टाकून परतायचं, हे ज्या घराने सोसलं त्याला या आनंदाचं मोल कुणी शिकवायला नको. माणूस पुन्हा कामाला लागतो, दुकान उघडतो, शेतात जातो. लग्नं होतात. बायकांना वर्षभर थांबून, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधं बदलून मूलही होऊ शकतं.

घात होतो तो पुढे, ‘सुटलो एकदाचं’ असं मनाने घेतल्यावर. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात, जुन्या बहुधा तिथेच राहतात. आपण तिला आपली मानली तरी शरीर मानत नाही. ते तिला परकी समजून तिच्यावर चालून जातं, आणि त्या शरीराला आवरण्यासाठी टॅक्रोलिमससारख्या गोळ्या रोज, ठरल्या वेळी, किडनी चालते आहे तोवर घ्याव्या लागतात. सकाळी आठ, रात्री आठ. सहा महिने ठणठणीत गेले की घरातलंच कुणीतरी म्हणतं, एवढी गरम औषधं किती दिवस खायची? गोळ्यांना महिन्याला काही हजार जातात, हात आखडतो, एखादी वेळ चुकते, मग दोन चुकतात. दुखत काहीच नाही. किडनी खराब व्हायला लागली तरी पुष्कळदा दुखत नाही, फक्त रक्तातलं क्रिएटिनिन चढत जातं. बरं वाटतंय याचा अर्थ बरं चाललंय असा नसतो, हे प्रत्येक रुग्णाच्या घरात भिंतीवर लिहून ठेवावं.

तपासणीच्या दिवसाचंही तसंच. गोळीचं रक्तातलं प्रमाण बघायचं तर रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यावं लागतं. शहाणा रुग्ण गोळी कागदात बांधून खिशात ठेवतो, सोलापुरात रक्त देतो आणि मगच ती घेतो. सवयीने घरीच घेऊन निघाला की तो आकडा खोटा येतो आणि त्या आकड्यावर पुढचा डोस ठरतो. केवढी लहान गोष्ट! पण ती समजावून सांगायला गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कुणाला सवड नसते, आणि आपल्या माणसाला डॉक्टरला दुसऱ्यांदा विचारायचा संकोच वाटतो. विचारा. शंभरदा विचारा.

आमच्या गावावरून तुळजापूरचा रस्ता जातो. कोजागरीला सोलापुराकडून चालत येणाऱ्या भक्तांनी तो रात्रंदिवस भरून वाहतो. किडनी बसली तर अनवाणी चालत येईन, असा नवस बोललेला असतो. मी श्रद्धेला बोट लावत नाही. पण ऑपरेशननंतरचे पहिले महिने अंगातली प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली आणलेली असते. गर्दी, उघड्यावरचा प्रसाद, पायाची जखम, यातलं काहीही जिवावर बेतू शकतं. नवरात्रात निर्जळी उपास करून गोळ्या चुकवणं हे तर सरळ त्या किडनीवर घाव घालणं आहे. आई भवानी थांबेल, ताप थांबणार नाही. ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. मनाने अंगदुखीची गोळी घ्यायची नाही, कुणी दिलेला काढा घ्यायचा नाही, पपनससुद्धा खायचं नाही, कारण त्याने औषधाचं प्रमाण बिघडतं.

आणि एक कडू गोष्ट आधीच सांगितलेली बरी. किडनी जन्माची नसते. जिवंत दात्याची साधारण पंधरा-वीस वर्षं, मेंदूमृत दात्याची दहा-पंधरा. कुणाची याहून जास्त, कुणाची कमी. हे आधी सांगितलं तर माणूस खचतो, असं म्हणतात. माझं मत उलट आहे. माहीत असलेला माणूस जपतो.

जपायचं तरी कुणाचं? बहुतेक घरांत ती किडनी आईची किंवा बायकोची असते. एका किडनीवर निरोगी माणूस नीट जगतो, म्हणूनच डॉक्टर तपासून ती घेतात. पण काही आठवडे जड उचलायचं नसतं, आणि पुढे दरवर्षी रक्तदाब व लघवीची तपासणी करायची असते. प्रत्यक्षात मुलाच्या खोलीबाहेर चपला काढायला लावतात, त्याला उकळलेलं पाणी वेगळं ठेवतात, आणि जिने किडनी दिली ती टाके सुकतात न सुकतात तोच घागर उचलते, सोयाबीनच्या काढणीला वाकते. तिच्या तपासणीची तारीख कुणाच्याच ध्यानात नसते.

उलट्या बाजूचा हिशेब आणखी लाजिरवाणा आहे. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणं झाल्याची सरकारी नोंद आहे. त्यातली २९,६९५ पुरुषांची, ६,९४५ स्त्रियांची. म्हणजे एका बाईमागे चार पुरुष. बायकांना किडनीचा आजार चौपटीने कमी होतो असं कुणी डॉक्टर सांगत नाही. ती आजारी पडते तेव्हा घरात दाता सापडत नाही, एवढंच. १९९४चा कायदा नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं या सगळ्यांना सारखीच मुभा देतो, २०११च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय राज्याने २०२३ साली घेतला. कायद्यात बाई-पुरुष असा भेद नाही, योजनेतही नाही. तो आपल्या ओसरीवर आहे.

म्हणून तामलवाडीतल्या आणि पंचक्रोशीतल्या कर्त्या पुरुषांना माझी विनंती आहे. डॉक्टर जेव्हा विचारतील, घरातून किडनी कोण देणार, तेव्हा सगळ्यांची नजर आईकडे वळायच्या आत आपला रक्तगट सांगा. आजारी असलेली ती आपली बायको, बहीण किंवा आई असेल, तर आधी सांगा.