निरपराध्यावरील निर्बंध

कायद्याचा एक विचित्र स्वभाव असा आहे कीं, जो त्याला मानतो त्यालाच तो प्रथम भेटतो. कुलुपाची अडचण चोराला होते ती क्षणभर. घरधन्याला मात्र किल्ली जन्मभर सांभाळावी लागते. म्हणून एखादा निर्बंध कडक झाला म्हणजे सज्जनाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो हाच कीं, अपराध दुसऱ्याचा आणि जाच मला कां? हा प्रश्न वरवर पाहतां तक्रारीचा दिसतो. वस्तुतः तो नीतिशास्त्राचा आहे. ज्यानें कांहीं केलें नाहीं त्याच्या स्वातंत्र्याला, दुसरा कोणी कांहीं करील या भीतीनें, मर्यादा घालणें न्याय्य आहे काय? आणि असल्यास कोणत्या अटींवर? आपल्या देशांतील क्रीडा-नेमबाजांनीं शस्त्र-कायद्याच्या निमित्तानें हा प्रश्न पुढें मांडला आहे, आणि त्याचाच विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

आम्ही राहतों ती विश्रांतवाडी पुण्याच्या उत्तर अंगाला, आळंदीच्या रस्त्यावर आहे. ज्ञानोबारायांची पालखी पंढरीस निघाली म्हणजे याच वाटेनें पुण्यांत शिरते. वाडीच्या नांवांत विश्रांति असली तरी तिला शेजार आहे तो शस्त्रांचा. मुळा नदीच्या पलीकडे खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालूं आहे. एका बाजूस दिघीचा लष्करी टापू आणि दुसऱ्या बाजूस लोहगांवचा वायुदलाचा तळ. अशा ठिकाणच्या गृहस्थाला बंदूक ही कांहीं अद्भुत वस्तु वाटत नाहीं. परंतु ती सरकारची, आपली नव्हे, असें तो धरून चालतो. शहराच्या दुसऱ्या टोंकाला बालेवाडीस, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं उभारलेल्या क्रीडानगरींत, नेमबाजीचें मैदान झालें, आणि ज्या घरांत शस्त्राचें नांवही निघत नसे अशा घरांतील मुलेंमुली हातीं रायफल घेऊं लागलीं. तेव्हांपासून हा प्रश्न मध्यमवर्गाच्या माजघरांत येऊन बसला आहे.

नेमबाजीचा खेळ ज्यांनीं जवळून पाहिला नाहीं त्यांना तो हिंसेचा धाकटा भाऊ वाटतो. खरें पाहतां त्याचें नातें योगाभ्यासाशीं अधिक जवळचें आहे. दहा मीटरांवरील एअर रायफलच्या लक्ष्यांत दहा गुणांचा मधला ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. तेथें छर्रा बसवावयाचा तर श्वास आवरावा लागतो, शरीर निश्चल करावें लागतें, आणि मनांत राग, घाई किंवा लोभ शिरला कीं हात लगेच त्याची चहाडी करतो. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं, पॅरिस येथील ऑलिंपिक स्पर्धांत, पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनांच्या प्रकारांत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलें. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें जगज्जेत्या ठरल्या, आणि राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धांत पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. अशा माणसांच्या हातांतील शस्त्राला समाजानें भ्यावें असें कोण म्हणेल?

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९५९ च्या शस्त्र-कायद्यांत एका व्यक्तीनें किती बंदुका बाळगाव्या यावर आरंभीं मर्यादा नव्हती. १९८३ च्या दुरुस्तीनें ती तीनांवर आली. २०१९ च्या डिसेंबरांत जी दुरुस्ती संमत झाली तिच्या मूळ मसुद्यांत हा आंकडा एकावर आणण्याची सूचना होती. पुष्कळ विरोध झाल्यावर तो दोन ठरला, आणि ज्याच्याजवळ तिसरी बंदूक असेल त्यानें ती वर्षाच्या आंत जमा करावी असा दंडक झाला. त्याच दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें केली, आणि लग्नसमारंभांत वा मिरवणुकींत बेपर्वाईनें बार उडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

खेळाडूंचा विचार कायद्यानें केलाच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. मान्यताप्राप्त रायफल मंडळाचा सभासद सरावासाठीं जी पॉइंट टू टू रायफल किंवा एअर रायफल वापरतो तिला संख्येची मर्यादा लागू नाहीं. आणि अशा उपयोगासाठीं मागितलेला परवाना अधिकाऱ्यानें द्यावा असाच कायद्याचा रोख आहे. साडेचार मिलिमीटर तोंडाच्या, वीस ज्यूलांच्या आंतील शक्तीच्या एअर रायफलीला तर परवानाच लागत नाहीं. पुढें २०२० च्या फेब्रुवारींत केंद्रीय गृहखात्यानें आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या व नामांकित नेमबाजांना सवलतीखालीं ठेवतां येणाऱ्या शस्त्रांची संख्या सातांवरून बारांपर्यंत वाढविली.

मग तक्रार कशाची? एक तर पिस्तूल आणि छऱ्यांची दुनळी बंदूक वापरणारे खेळाडू रायफलवाल्यांना असलेल्या त्या जुन्या सवलतींत बसत नाहींत. या खेळांत एका प्रकाराचें शस्त्र दुसऱ्या प्रकाराला चालत नाहीं. ट्रॅपची बंदूक निराळी, स्कीटची निराळी. पंचवीस मीटरांचें पॉइंट टू टू पिस्तूल निराळें आणि मोठ्या काडतुसाचें निराळें. त्यांत घरीं वडिलोपार्जित एखादी बंदूक असली म्हणजे दोनांचा आंकडा खेळाला आरंभ होण्यापूर्वींच भरतो. दुसरें असें कीं, सवलत कीर्तीच्या पायरीप्रमाणें वाढत जाते. उमेदवाराला ती थोडी, नामांकिताला पुष्कळ. परंतु नामांकित होण्यासाठीं जें साधन हवें तें नामांकित झाल्यावर मिळावयाचें, हें पोहतां आल्यावांचून पाण्यांत उतरूं नये म्हणण्यासारखें झालें. आणि तिसरी गोष्ट मनाला लागणारी आहे. वर्षानुवर्षें शिस्तीनें वागलेल्या माणसाकडे परवान्याच्या प्रत्येक फेरीला संशयानें पाहिलें जातें, ही ती गोष्ट होय.

या तक्रारीमागें आपल्या देशांत एक ऐतिहासिक वेदनाही आहे. १८७८ चा शस्त्र-कायदा परक्या सत्तेनें प्रजेवरील अविश्वासांतून केला होता. युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना, असा त्याचा भेदभाव होता. म्हणून त्याचा निषेध हा राष्ट्रीय चळवळीचा एक भागच झाला, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांच्या ठरावांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. पण १९४८ च्या डिसेंबरांत हरि विष्णु कामत यांनीं घटनासमितींत हा हक्क घटनेंत घालण्याची दुरुस्ती मांडली तेव्हां डॉक्टर आंबेडकरांनीं तिला विरोध केला, आणि ती फेटाळली गेली. हा बदल विसंगत नव्हता. परक्याच्या राज्यांत शस्त्रबंदी हा अपमान होता. स्वतःच्या राज्यांत ती आपणच आपल्याला घातलेली मर्यादा होते. स्वराज्यांत शस्त्र हा हक्क राहिला नाहीं. तो विश्वासानें सोंपविलेला ठेवा झाला. आणि ठेव ज्याच्याकडे असते त्याला हिशेब मागण्यांत त्याचा अपमान नसतो.

येथें नेमबाज म्हणतील, "हिशेब देऊं, पण गुन्हे होतात ते बेकायदा गांवठी कट्ट्यांनीं, आमच्या शस्त्रांनीं नव्हे." या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे. कट्टा विकणारा परवाना मागावयास येत नाहीं, आणि परवान्यांचे नियम कितीही आवळले तरी त्याचा धंदा त्यायोगें बसत नाहीं. तथापि एवढ्यानें वाद संपत नाहीं, कारण याच्या उलट असलेलें एक उदाहरण जगाच्या इतिहासांत रक्तानें लिहिलेलें आहे. १३ मार्च १९९६ रोजीं स्कॉटलंडमधील डनब्लेन या गांवच्या शाळेंत शिरून एका इसमानें सोळा लहान मुलें आणि त्यांच्या शिक्षिकेस ठार केलें. त्याच्याजवळचीं पिस्तुलें परवान्याचीं होतीं. चौकशीसाठीं नेमलेल्या लॉर्ड कलन यांनीं असें सुचविलें कीं, पिस्तूल वापरांत नसतांना तें निकामी करून ठेवावें, त्याचा आवश्यक भाग मंडळाच्या ताब्यांत असावा. सरकारनें त्याहून पुढें जाऊन १९९७ सालीं दोन कायद्यांनीं बहुतेक सर्व पिस्तुलें खाजगी हातांतून काढून घेतलीं. ब्रिटिश पिस्तूल-नेमबाजांना त्यामुळें सरावासाठीं परदेशीं जावें लागलें, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठीं विशेष परवानगी काढावी लागली.

ज्या आईनें डनब्लेनमध्यें मूल गमावलें तिला नेमबाजाच्या सरावाची अडचण सांगण्याचें धैर्य आम्हांला होणार नाहीं. पण त्या प्रसंगांतून निघणारा बोध निव्वळ बंदीचा आहे काय, हें पाहिलें पाहिजे. त्या इसमाला शस्त्र देऊं नये असें एका पोलिस अधिकाऱ्यानें कित्येक वर्षें आधीं लेखी कळविलें होतें. परवाना तरीही चालूं राहिला. म्हणजे उणीव आंकड्याची नव्हती, माणूस ओळखण्याची होती. दुर्जनाच्या हातीं एक पिस्तूल हेंही एकानें अधिक आहे, आणि साधकाच्या कपाटांतील चौथी बंदूक चार भिंतींबाहेर कोणालाही धोक्याची नाहीं. शस्त्रें मोजणें सोपें असतें, माणूस पारखणें कठीण असतें. आणि कायदा जेव्हां कठीण काम टाळून सोपें हातीं घेतो, तेव्हां सज्जनाला जाच होतो व दुर्जन तसाच निसटतो.

येथें शिक्षा आणि निर्बंध यांतील भेद लक्षांत घ्यावा. शिक्षा अपराध्यालाच व्हावयास हवी; निरपराध्याला झालेली शिक्षा हा निखळ अन्याय होय. निर्बंध मात्र निरपराध्यावरही न्यायानें घालतां येतो. औषधविक्या विषाची नोंद ठेवतो, मोटार चालविणारा परीक्षा देतो, साथीच्या दिवसांत निरोगी मनुष्यही वेगळा राहतो. यांपैकीं कोणालाही गुन्हेगार ठरविलेलें नसतें. ज्याच्या हातीं इतरांचें अहित करण्याची शक्ति आहे त्यानें अधिक काळजी घ्यावी, एवढेंच त्याला सांगितलेलें असतें. पण निर्बंधाला शिक्षेचें रूप येऊं नये यासाठीं दोन गोष्टी अवश्य आहेत. निर्बंधाचें कारण सांगतां आलें पाहिजे. आणि जो तो पाळतो त्याला वेळेवर होकार किंवा सकारण नकार मिळाला पाहिजे. महिनोन् महिने न दिलेलें उत्तर हें नकाराहूनही वाईट, कारण नकाराविरुद्ध दाद मागतां येते, मौनाविरुद्ध काय मागावें?

सरकारचें कर्तव्य एवढें सांगितल्यावर नेमबाजांचें कर्तव्यही स्पष्ट सांगितलें पाहिजे, कारण तेंच अधिक अवघड आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ सालीं स्थापन झाली तिचे संस्थापक गणेश वासुदेव मावळंकर हे होते. अहमदाबादेंत वाढलेलें हें मराठी नांव. गांधीजींच्या चळवळींत तुरुंगवास भोगलेला आणि पुढें लोकसभेचा पहिला सभापति झालेला हा पुरुष. अहिंसेच्या उपासकानें रायफलीची संघटना काढावी यांत कित्येकांना विरोध दिसेल. आम्हांला तो दिसत नाहीं. शस्त्र हातीं असून ज्याला तें मनुष्यावर उगारण्याची इच्छा होत नाहीं, त्याचा संयम निःशस्त्राच्या संयमाहून अधिक कसोटीचा असतो. पण तो संयम एकट्यानें पाळून भागत नाहीं. मैदानावर शेजारीं उभा राहणारा सहकारी चिडखोर झाला आहे, दारूच्या नादीं लागला आहे, पिस्तूल लोकांना दाखवीत फिरतो आहे, हें परवाना-अधिकाऱ्याच्या कचेरीला कळण्यापूर्वीं मंडळांतील माणसांना कळतें. अशा वेळीं "आपल्यांतलाच आहे" म्हणून गप्प बसणें हें त्या खेळाशींच केलेलें वैर होय. जें मंडळ आपल्याच सभासदाच्या हातांतून शस्त्र काढून घ्या असें म्हणूं शकतें, त्यालाच बाकीच्या सभासदांवर विश्वास ठेवा असें सरकारला सांगण्याचा अधिकार पोंचतो.

म्हणून सवलतीचें माप पदक नसावें, शिस्त असावी, असें आमचें मत आहे. पदक हें यशाचें प्रमाण आहे, सुरक्षिततेचें नव्हे. जिंकलेला बेपर्वा असूं शकतो आणि हरलेला अत्यंत सावध. किती वर्षें नियमित सराव केला, शस्त्र आणि काडतुसें घरीं कशीं वेगळीं व कुलपांत ठेवलीं, मंडळ त्याच्याविषयीं जबाबदारीनें काय लिहून देतें, यांवर उमेदवाराला साधन मिळावें; आणि यांत खोट आढळली तर पदकविजेत्याकडूनही तें परत घ्यावें. असा नियम आजच्याहून कडक होईल, पण कोणाही प्रामाणिक नेमबाजाला तो जाचक वाटणार नाहीं. एअर रायफल शिकणाऱ्या आपल्या मुलीला जी आई कपाटाची किल्ली स्वतःच्या कंबरेला ठेवते, ती मुलीवर अविश्वास दाखवीत नसते. आणि ती मुलगीही तो अपमान समजत नाहीं. सरकार व खेळाडू यांच्यामध्यें तसा समज निर्माण व्हावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.