शरीराचा हक्क

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण सहाबी. ते रोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले, तेव्हा त्यांनी त्यांना यापासून रोखले. माणसावर त्याच्या शरीराचा आणि डोळ्यांचाही हक्क असतो, याची आठवण त्यांनी करून दिली. बुखारी शरीफमधील या हदीसवर थोडे थांबून विचार करावा. अल्लाहच्या उपासनेसाठीही जो हक्क बुडवण्याची परवानगी मिळाली नाही, तो आपली मुले आज कशापायी बुडवीत आहेत?

मध्यरात्र उलटली तरी फोनचा पडदा विझत नाही. त्या प्रकाशाने झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते, आणि फजरला मूल उठत नाही. मान साठ अंशांत झुकवली, तर मणक्यावर सुमारे २७ किलोंचा भार येतो, असा एक अंदाज आहे. सतत जवळचे पाहणे आणि उघड्यावर न जाणे यांमुळे चष्म्याचा नंबर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीचे खेळ किंवा व्यायाम करावा. आपल्या किती घरांत हे घडते?

मुलगा म्हणेल, ‘शरीर माझे, नुकसानही माझे, यात गुन्हा कसला?’ उत्तर असे की, शरीर मालकीचे नसून अमानत आहे. तिरमिजी शरीफमधील हदीसनुसार, शरीर कशात झिजवले याचा जाब कयामतच्या दिवशी द्यावा लागेल. ते झिजणारच, प्रश्न एवढाच की, कशासाठी झिजले?

परंतु हा जाब केवळ मुलालाच विचारला जाईल काय? सोलापुरात आई विडी वळते, वडील यंत्रमागावर उभे असतात आणि घर एका खोलीचे. फोन दिला की मूल शांत बसते. या थकलेल्या आई-वडिलांना दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही. तरीही एक कटू सत्य बोललेच पाहिजे. मुलगा निदान गल्लीत क्रिकेट खेळतो. मुलीला मात्र आपण अब्रूच्या नावाखाली घरात बसवतो आणि हातात फोन देतो. तिच्या शरीराचा हक्क कोणी बुडवला?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक मार्ग दाखवला. तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जाऊ लागले. या प्रयोगाचे मर्म असे की, नियम मुलांप्रमाणेच मोठ्यांनाही लागू होता.

आपल्याला भोंग्याचीही गरज नाही, अजान आहेच. इशानंतर गप्पांत जागणे प्रेषितांना (स.) आवडत नसे. म्हणून इशाच्या नमाजनंतर घरातील सर्व फोन एका कोनाड्यात ठेवावेत: आधी वडिलांचा, मग आईचा, शेवटी मुलांचा. माझाही त्यातच, कारण रात्रीचा तो मोह इमामालाही सुटलेला नाही. आणि असर ते मगरिब हा वेळ मुला-मुलींच्या खेळण्यासाठी मोकळा ठेवावा. मुलींसाठी सुरक्षित जागा शोधणे ही संपूर्ण मोहल्ल्याची जबाबदारी आहे.

अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.