पुंडलिक आणि मासिक शुल्क

दरवर्षी लोणंद-फलटणमार्गे पंढरीला जाणारी ज्ञानोबांची पालखी ज्या देवाकडे निघते, तो पुंडलिकाने आईबापांची सेवा न सोडल्यामुळे विटेवर थांबला, अशी कथा आहे. तिचा आधार घेऊन वृद्धाश्रम म्हणजेच पाप, असे सातारा-सांगलीकडे आजही सहज म्हटले जाते. मला हे पटत नाही. छळ घरातही होतो, आणि तिथे तर शेजारीही गप्प बसतात. कथेतला पुंडलिक देवाकडेही वळून पाहत नाही, कारण त्याचे सारे लक्ष म्हाताऱ्यांकडे आहे. सेवा म्हणजे हे लक्ष. ते मासिक शुल्कात मिळत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २४ वृद्धाला कायमचे टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगते. पण वृद्धाश्रमाचे पैसे भरून पुन्हा न फिरकणारा त्यात सापडणे अवघडच. तिथल्या हेळसांडीच्या खुणा मात्र दिसतात: माकडहाडापाशी चिघळलेली जखम, कोरडी जीभ, मनगटावरचे बांधल्याचे वण, कर्मचारी आत येताच अर्धवट तुटणारे वाक्य, हे पाहायला डॉक्टर लागत नाही. अवचित जाऊन पांघरूण बाजूला करणारा माणूस लागतो. मुलगा परदेशात असेल तर? मग मिरजेतला भाचा जाऊ शकतो, १४५६७ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. कमी पगारात रात्रभर वीस जणांना सांभाळणाऱ्या मावशींवर सगळा दोष ढकलणे सोपे आहे. त्यांच्या जोडीला दुसरे माणूस का नाही, हे मात्र संचालकांना क्वचितच कुणी विचारतो.