खालच्या अंगाचा शेजारी

पुण्याचं सांडपाणी, प्रक्रिया झालेलं आणि न झालेलंही, मुळा-मुठेतून भीमेला मिळतं. भीमेचं पाणी उजनी धरणात साठतं आणि तिथून सोलापूरकरांच्या घरी पिण्यासाठी पोहोचतं. हीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते आणि आषाढीला वारकरी तिच्यात श्रद्धेने स्नान करतात. आपण मोरीत सोडलेलं पाणी असं कुणाच्या तरी ओंजळीत जातं. नदीच्या खालच्या अंगाला राहणारा माणूस आपला शेजारीच आहे.

या शेजाऱ्यासाठी शहर आणि नदी यांच्यामध्ये मैलापाणी शुद्धीकरण केंद्र लागतं. तिथल्या जाळ्यांत चिंध्या आणि प्लॅस्टिक अडतं, पुढच्या टाकीत वाळू-खडे तळाशी बसतात. पण विरघळलेली घाण जाळीत कशी सापडणार? ती जिवाणू खातात. त्यांना जगवण्यासाठी टाकीत सतत हवा सोडावी लागते. मग पाणी संथ ठेवलं की जिवाणूंचा गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पाणी निर्जंतुक करून नदीत सोडलं जातं.

अर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी 1914 मध्ये मँचेस्टरला जिवाणूंचा गाळ वापरण्याची ही पद्धत मांडली. मैलापाण्यात नुसती हवा सोडून ते पुरतं शुद्ध व्हायला आठवडे लागत. त्यांनी तळाचा गाळ फेकला नाही, तो पुन्हा नव्या पाण्यात मिसळला. त्यात जिवाणूंची दाट वस्ती होती, त्यामुळे आठवड्यांचं काम तासांवर आलं. नदीही असंच स्वतःला शुद्ध करते, पण सावकाश. आपण तिच्यावर न पेलणारा भार टाकला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे 7,237 कोटी लिटर सांडपाणी तयार होतं. त्यातल्या जेमतेम 2,024 कोटी लिटरवर प्रक्रिया होते. बाकीचं खालच्या शेजाऱ्याच्या वाट्याला तसंच जातं. हा अन्याय आहे, आणि त्यात आपण सगळे सामील आहोत.

केंद्रांनाही मर्यादा आहेत. जड धातू जिवाणूंना पचत नाहीत, तीव्र रसायनांनी ते मरतात, अनेक औषधांचे अंश तसेच पुढे जातात. म्हणून उरलेल्या गोळ्या, रंग, तळणाचं तेल मोरीत किंवा संडासात टाकू नका. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: आपल्या गावाचं किती पाणी शुद्ध होऊन नदीत जातं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.