मोटेचं कातडं

दिवेलागण झाली. धार काढून झाली, गुरं बांधून झाली. आता थोडा वेळ तुमचा. ओसरीवर भिंतीला पाठ टेकून बसा. मांडी घालवत नसेल तर पाय लांब सोडा, खुर्चीवर बसलात तरी चालेल. हे मनन आसनावाचून अडत नाही. मोबाइल तेवढा आत ठेवून या.

उजवा हात छातीच्या डाव्या बाजूला, स्तनाच्या जरा खाली ठेवा. ठोका हाताला लागत नसेल तर डावीकडे थोडं कला. लागला? आता मोजू नका. लागतोय तो लागू द्या.

हाताखाली एक मांसाचा गोळा आहे, मुठीएवढा, 300 ग्रॅमच्या आसपास. दिवसाला सुमारे एक लाख वेळा तो आवळतो. मिनिटाला पाचेक लिटर म्हणजे दिवसाला सात हजार लिटर रक्त तो पुढे ढकलतो. ट्रॅक्टरमागं येणारा पाच हजार लिटरचा टँकर आपल्या ओळखीचा आहे. त्या हिशेबानं दिवसाला एका टँकरहून जास्त.

आता डोळे मिटा आणि मोट आठवा. सत्तरीपुढच्यांनी पाहिली असेल, बाकीच्यांनी निदान ऐकली असेल. विहिरीत कातड्याची पिशवी बुडते, भरते. बैल धावेवरून उतरतात, नाडा ताणतो, मोट वर येते, सोंड थारोळ्यात मोकळी होते, पाणी पाटानं वाफ्याकडं निघतं. बैल मागं सरतात, मोट पुन्हा बुडते. भरणं आणि उपसणं. हाताखाली हेच चाललंय. फरक एकच आहे, त्याच्यापाशी जरा रेंगाळा. मोट ओढायला बाहेर बैल लागतात. इथं बाहेर कुणी नाही. ज्या कातड्यात पाणी भरतं, तेच कातडं आवळून पाणी उपसतं. कातडंच बैल आहे.

आपल्याकडं छातीचं काहीही झालं की एकच शब्द तोंडात येतो, अटॅक. अटॅक म्हणजे या बैलाचं चारापाणी तुटणं. हृदयाला रक्त पुरवणारी नळी बुजते आणि तेवढा भाग उपाशी मरतो. नळ्या मोकळ्या असूनही कातडं बिघडू शकतं, हे आपल्या बोलण्यात येतच नाही. डॉक्टर त्याला कार्डिओमायोपॅथी म्हणतात. हे नाव 1957 साली लंडनच्या वॉलेस ब्रिग्डेन यांनी दिलं. आपण त्याला कातड्याचा आजार म्हणू आणि पुढं जाऊ.

श्वास घ्या. सोडा.

पहिलं कातडं सैल पडलेलं. मोट जुनी झाली, ताणली, फुगली; भरते भरपूर, पण ओढ उरत नाही. कुणाला हे रक्तातून येतं, कुणाला विषाणूच्या तापानंतर, कुणाला कॅन्सरच्या काही औषधांनी, कुणाला वर्षानुवर्षांच्या दारूनं. दारूचं असेल तर वेळेत सोडल्यावर कातडं बऱ्याचदा सावरतं, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर 'आता सोडून काय उपयोग' म्हणत माणूस आणखी एक क्वार्टर आणतो.

डोळे उघडा, खाली वाका, घोट्याच्या वर नडगीच्या हाडावर अंगठा दाबा. दहा आकडे होईस्तोवर तसाच ठेवा. काढा. कातडी लगेच वर आली तर बरं. ओल्या मातीत बोट रुतावं तसा खळगा राहिला तर पायात पाणी साठतंय. मोट उपसत नाही तेव्हा पाणी मागं तुंबतं, पायात आणि फुप्फुसातसुद्धा. म्हणून तर माणूस आडवा झाला की गुदमरतो. एका उशीच्या दोन होतात, दोनाच्या तीन, मग भिंतीला टेकून रात्र काढणं. घरचे म्हणतात, वयाचं आहे. सुजेची कारणं पुष्कळ असतात, पण सूज आणि वाढत्या उशा एकत्र आल्या तर ते वयावर ढकलू नका.

अशा माणसाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात. कागदावर ईएफ नावाचा आकडा असतो, भरलेल्या मोटेतलं शेकडा किती बाहेर पडलं त्याचा. तिथं 60 दिसलं की आपल्या भागातल्या माणसाचा चेहरा पडतो. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात परीक्षेत साठ टक्के म्हणजे तोंड लपवायची गोष्ट! इथं मात्र साठ म्हणजे उत्तम. निरोगी मोटही कधी पूर्ण रिकामी होत नाही. चाळिशीच्या खाली आकडा गेला की काळजी.

औषधांनी हा आकडा वर येतो, दम थांबतो आणि माणूस ठरवतो की आता बरं वाटतंय, गोळ्या बंद. 2018 साली लंडनच्या डॉक्टरांनी हेच तपासून पाहिलं. सावरलेल्या रुग्णांच्या गोळ्या देखरेखीखाली हळूहळू थांबवल्या. सहा महिन्यांत दहातल्या चौघांचं दुखणं परत आलं. कातडं बरं दिसत होतं, ते गोळ्यांनी धरलं होतं.

पुन्हा हात छातीवर.

दुसरं कातडं जाड झालेलं. डाव्या कप्प्याची भिंत निरोगी माणसात सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी असते. इथं ती कारण नसताना दीड सेंटिमीटर आणि पुढं जाते. बाहेरून दणकट, आत जागा थोडी. नाड्याचे पेड सरळ वळलेले असतात म्हणून नाडा ओढ सोसतो. इथं मांसाचे पेड आडवेतिडवे पडलेले असतात आणि त्यांच्यातून जाणारी वीज भरकटते. ठोका एकाएकी बिघडतो.

पहाटे पाचला गावाबाहेरच्या रस्त्यावर पोरं धावताना पाहिली असतील. पोलीस भरतीचे 1600 मीटर. त्यातला एक मधेच घेरी येऊन पडतो. तोंडावर पाणी मारतात, केळं देतात, उपाशी धावला म्हणतात. पोरगं उठतं, हसतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा धावतं. पळून थांबल्यावर चक्कर येणं वेगळं आणि पळता पळता शुद्ध हरपणं वेगळं. दुसरी गोष्ट घडली तर ईसीजी आणि इको होईस्तोवर त्या पोरानं धावू नये. वर्षाची भरती गेली तर जाऊ द्या.

हा जाडपणा बहुतेकदा वारशानं येतो. आई किंवा बाप, कुणा एकाकडं दोष असला तर प्रत्येक लेकराला तो मिळायची शक्यता निम्मी. आणि इथं आपल्या उपखंडाची एक खास गोष्ट आहे. 2009 साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जगापुढं मांडली. हृदयाच्या मांसाचं एक प्रथिन घडवणाऱ्या जनुकात 25 अक्षरं गळालेली असतात. उपखंडातल्या शंभर माणसांमागं सुमारे चौघांत. ही गळती साधारण 33 हजार वर्षांपूर्वीची असावी, असा त्यांचा अंदाज. घाबरू नका. ही अक्षरं गळालेले पुष्कळजण म्हातारे होऊन सुखानं जातात. कातडं बिघडण्याचा धोका त्यांच्यात वाढतो, एवढंच. पण क्षणभर बघा: शेतं नव्हती, मोट नव्हती, तेव्हाच्या कुणा एका माणसाच्या लिखाणातली चूक आज बाजारात तुमच्या शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी छातीत ठोके देत असेल. कदाचित तुमच्याच.

तिसरं कातडं वाळून ताठ झालेलं, धड भरतच नाही. ते विरळ आहे, इतकं कळलं तरी पुरे.

ओली बाळंतीण मात्र विसरायची नाही. गरोदरपणाचा शेवटचा महिना ते बाळंतपणानंतरचे पाच महिने, या काळात चांगल्या धडधाकट बाईचं कातडं सैल पडू शकतं. तिला आडवं होववत नाही, पाय सुजतात, बाजेवर उठून बसते. सासू म्हणते, बाळंतपणात एवढं असतंच, माय. कधी कधी नसतं. वेळेत कळलं तर पुष्कळजणी सावरतात. पुढच्या लेकराचा विचार मात्र डॉक्टरला विचारल्यावाचून करायचा नाही.

आणि दुःख. 1990 साली जपानी डॉक्टरांनी लिहिलं की भयानं, शोकानं हृदयाचं टोक अचानक फुगून थिजतं, तिथल्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखं. ताकोत्सुबो म्हणतात त्याला. बहुतेकांचं काही आठवड्यांत पूर्ववत होतं. 2004 च्या निगाता भूकंपानंतर तिथं असे रुग्ण वाढलेले दिसले. मला किल्लारीचा भूकंप आठवतो. 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटे ढिगाऱ्यापाशी छाती धरून बसलेल्या आयांचा इको काढायला कुणाला सवड होती?

डोळे मिटा. शेवटचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबाँबच्या चाचण्यांनी हवेत एक खास कार्बन पसरला. तो पिकात आला, पिकातून माणसात. त्याच्या खुणेवरून स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये हृदयाच्या स्नायूपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला शेकडा एक पेशी बदलते, म्हातारपणी त्याच्याही निम्मी. आयुष्यभरात जेमतेम अर्ध्या बदलतात. म्हणजे हाताखाली आत्ता जे आवळतंय, त्यातला निम्मा भाग तुम्ही पाळण्यात होतात तेव्हाचाच आहे. कातडी बदलली, रक्त कितीदा बदललं. हे मात्र तेच, एक दिवस खाडा न करता. त्याच्यासोबत दहा श्वास बसा.

उठताना घाई करू नका. उठलात की घरातलं सगळ्यात जुनं माणूस असेल तिथं जा. विचारा, आपल्यात एकाएकी कोण गेलं, किती वयाचं होतं, काय करताना गेलं. 'उभ्या उभ्या गेला', 'करणी झाली', 'पट्टीचा पोहणारा, तरी विहिरीत बुडाला', जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. त्यात पन्नाशीच्या आतलं एखादं नाव निघालं तर ती वही घेऊन उदगीर, लातूर, नांदेड, जिथं सोयीचं असेल तिथल्या हृदयरोगतज्ज्ञाकडं जा. आणि त्या माणसाच्या भावंडांनाही सोबत न्या.