मार्ग आणि वाट

एखादा शब्द आपणांस 'येतो' असे आपण सहज म्हणतो. परंतु तो येतो म्हणजे नेमके काय होते, ह्याचा विचार शिकविणारेही क्वचितच करतात. आमचीच गोष्ट सांगावयाची तर, सुमारे तीस वर्षे महाविद्यालयात भाषा शिकवूनही हा प्रश्न आमच्यापुढे खऱ्या अर्थाने उभा राहिला तो यंदाच्या नाथषष्ठीस, पैठण येथे बहिणीच्या घरी. आणि तोही एका जपानी अक्षराच्या निमित्ताने.

आमची भाची पुण्यास जपानी भाषा शिकते. जपानी लिहिताना ध्वनिदर्शक अक्षरांबरोबर चीनमधून आलेली अर्थदर्शक अक्षरेही वापरावी लागतात. नित्य व्यवहारासाठी सरकारने ठरविलेली अशी अक्षरे २,१३६ आहेत, व त्यांपैकी १,०२६ तेथील मुले प्राथमिक शाळेतच शिकतात. ओसरीवर तिने अभ्यासाचे पत्ते मांडले होते. त्यांतील एक आमच्या हाती देऊन ती म्हणाली, "मामा, हे ओळखा पाहू." अक्षर बारा रेघांचे होते. डावीकडून उतरून तळाशी पसरलेला भाग चालण्याचा, आणि त्यावर बसलेला भाग मस्तकाचा. दोन्ही मिळून अर्थ 'रस्ता'. "आणि ह्याचा उच्चार?" असे आम्ही विचारताच ती हसून म्हणाली, "कुठला सांगू? चिनी की घरचा?"

ह्या उत्तराने आम्ही चकित झालो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी चिनी लिपी जपानात रुजू लागली, तेव्हा अक्षरांसोबत त्यांचे चिनी उच्चारही आले. जपानी लोकांनी ते आपल्या जिभेस मानवतील असे करून ठेवून घेतले. परंतु त्याच अर्थाचा आपला जुना शब्दही टाकून दिला नाही, तोही त्याच अक्षरास जोडला. त्यामुळे ह्या एका अक्षराचे वाचन 'दो' असे होते, क्वचित 'तो' असे होते, आणि 'मिचि' असेही होते. 'दो' बहुधा सामासिक शब्दांत येतो. लोखंड आणि रस्ता मिळून 'तेत्सुदो', म्हणजे आगगाडीचा मार्ग. लेखनाची साधना ती 'शोदो', चहापानाची ती 'सादो'. 'जूदो' तर आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. 'शिंतो' ह्या धर्मनामात हेच अक्षर 'तो' होते. नीतीस म्हणतात 'दोतोकु' आणि चैनबाजीस 'दोराकु', अक्षर तेच! 'मिचि' मात्र घरगुती. जवळचा रस्ता तो 'चिकामिचि', घरी परतण्याचा तो 'काएरिमिचि'. आणि 'मिचिकुसा' म्हणजे वाटेवरचे गवत. ते खात बसणे म्हणजे जाता-येता रेंगाळणे.

हे ऐकता ऐकता आमचे लक्ष आपल्या भाषेकडे वळले. आपणही हेच केले नाही काय? विद्वत्तेचा शब्द 'मार्ग': राजमार्ग, भक्तिमार्ग, सन्मार्ग, कुमार्ग, आणि 'तेत्सुदो'चा जणू सख्खा भाऊ शोभावा असा लोहमार्ग. घरचा शब्द 'वाट': पायवाट, आडवाट, पळवाट, वाटसरू, वाटाड्या. आई मुलाची वाट पाहते, मार्ग पाहत नाही. अंतर इतकेच, की जपानी माणसास दोन्ही शब्द एकाच अक्षराच्या पोटी दिसतात. आपण ते वेगवेगळे लिहितो, आणि म्हणून त्यांचे नातेही विसरतो. नाते विसरले की एकास उच्चासनावर बसविणे व दुसऱ्यास उंबऱ्याबाहेर उभे करणे फार सोपे जाते.

ह्या विस्मरणाचा एक अपराध आमच्याही हातून घडला आहे. अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत गोदाकाठच्या एका खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याने निबंधात लिहिले होते, की नाथांनी सामान्य जनांस परमार्थाची वाट दाखविली. आम्ही तांबड्या शाईने 'वाट' खोडून 'मार्ग' लिहिले, आणि वर्गात ते वाक्य मोठ्याने वाचून "परमार्थास पायवाटेने जावयाचे आहे काय?" असा विनोदही केला. वर्ग हसला. तो मुलगा त्यानंतर वर्षभर आमच्या तासास एक शब्दही बोलला नाही. त्याची भाषा सुधारली असा आमचा समज होता. खरे पाहता आम्ही ती बंद केली होती.

येथे कोणी म्हणेल, की मग शिक्षकाने काहीच सुधारू नये काय? तसे नव्हे. जपानीतही 'तेत्सुदो'च्या ठिकाणी 'तेत्सुमिचि' म्हणून चालत नाही. कोणते वाचन कोठे, ह्याचे बंधन तेथेही आहे. परंतु ते बंधन औचित्याचे आहे, कुलीनतेचे नव्हे. जपानी समाज ह्या बाबतीत सदैव निर्दोष होता असेही आम्हांस सुचवावयाचे नाही. तेथील पंडितही दीर्घकाळ चिनी भाषेत लिहिण्यातच भूषण मानीत, आणि साध्या ध्वनिलिपीस 'बायकांचे अक्षर' म्हणत. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू ह्या स्त्रीने 'गेंजी'ची कथा त्याच लिपीत लिहिली, व आज तोच ग्रंथ त्या वाङ्मयाचे वैभव मानला जातो.

चूक आणि निराळे वाचन ह्यांतील भेद कसा राखावा, हे पैठणच्याच एका पुरुषाने दाखवून ठेवले आहे. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील मराठी टीका १५७३ साली काशीस पूर्ण केली. संस्कृतातील ज्ञान प्राकृतात आणल्याबद्दल तेथील पंडित रुष्ट झाले, असे परंपरा सांगते. हेच नाथ १५८४ साली ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध करावयास बसले. लेखनिकांचे प्रमाद त्यांनी दूर केले, पण ओवीतील घरची भाषा घरचीच राहू दिली. सुधारणेचा अधिकार त्यांनी सोडला नाही. तो कोठे थांबतो हे त्यांस ठाऊक होते. आम्हांस नव्हते.

आणि ज्या गावी हे सारे सुचले, त्याच्या नावाचीच साक्ष पाहा. 'प्रतिष्ठान' हे मूळ व 'पैठण' हा त्याचा अपभ्रंश, असे आम्ही कितीदा ऐटीने सांगितले असेल! परंतु ह्याच जिल्ह्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यात तेथील दात्यांनी आपले गाव 'पतिठान' असे कोरविले आहे. आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने, भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या ह्या नगराचे नाव 'पैथाना' असे टिपून ठेवले आहे. म्हणजे घरचा उच्चार हा कालपरवाचा बिघाड नव्हे. सातवाहनांच्या काळीही बाजारात तोच चालत होता. आमच्या मुलाने लिहिलेली 'वाट'ही संस्कृत 'वर्त्मन्'चीच लेक आहे. मात्र तिचे कुळ इतके थोर नसते, तरी आमचा दोष तिळभरही कमी झाला नसता.

शब्द येणे म्हणजे त्याचा एक मान्य उच्चार पाठ असणे नव्हे. तो कोणाच्या तोंडी कोणत्या रूपाने राहतो, कोणत्या शब्दांशी त्याची सोयरीक आहे, हे जाणणे म्हणजे शब्द येणे. आणि हे जाणण्यासाठी बोलणाऱ्याचे ऐकून घ्यावे लागते. त्या विद्यार्थ्याचा पत्ता आज आम्हांस ठाऊक नाही, त्यामुळे क्षमा मागण्याची सोय उरलेली नाही. परंतु नव्या वह्या दरवर्षी येतातच. हल्ली तांबडी शाई उचलण्यापूर्वी आम्ही स्वतःस विचारतो: ही चूक आहे, की केवळ आमच्या घरचा शब्द नाही?