सीलबंद डब्याच्या बाहेर

गाडीत सबवूफर बसवणाऱ्याला 'गळती' या शब्दाचा जितका राग असतो, तितका टेरेस गळणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही नसेल. 18 मिलिमीटरचा एमडीएफ किंवा प्लाय कापायचा, प्रत्येक सांध्याला फेविकॉल, वर स्क्रू, आतून सिलिकॉन. वायर जिथून बाहेर येते ते भोकही बुजवायचं. मग स्पीकर बसवून त्याचा पडदा तळहाताने हलकेच आत दाबायचा. तो सावकाश जागेवर आला तर डबा घट्ट. झटकन आला तर हवा कुठून तरी निसटतेय.

ही काटेकोर शिस्त मला आवडते. ती कुणासाठी पाळायची, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी डबा कशाला लागतो ते पाहू. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे एकाच वेळी दोन उलट लहरी निघतात. खालच्या सुरांत त्या कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि बऱ्याच अंशी मिटवून टाकतात. म्हणून उघडा सबवूफर हातात धरून वाजवला तर बेस जवळजवळ येतच नाही. सीलबंद डबा मागची लहर कोंडून ठेवतो. शिवाय आत अडकलेली हवा स्प्रिंगचं काम करते, पडद्याला आवर घालते. ही हवेची स्प्रिंग मुद्दाम वापरून एडगर विल्चरने 1954 साली अमेरिकेत एआर-1 हा छोटा स्पीकर आणला. तोवर खोल बेससाठी कपाटाएवढ्या पेट्या लागायच्या. आज 40 × 30 × 24 सेंटिमीटरची पोकळी, म्हणजे साधारण 29 लिटर हवा, डिकीच्या कोपऱ्यात मावते आणि 12 इंची सबवूफरला बऱ्याचदा पुरते.

गाडीत आणखी एक फायदा मिळतो. 40 हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. गाडीची केबिन तिच्यापुढे फारच छोटी. त्यामुळे खालच्या सुरांना केबिनमध्ये लहर म्हणून पसरायला जागा नसते, आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वर-खाली होतो. सीलबंद डब्याचा आवाज जिथे उतरू लागतो, साधारण तिथूनच केबिन त्याला उचलू लागते. गाडी स्वतःच वाद्याचा भाग होते.

इथपर्यंत सगळं भौतिकशास्त्र. पण मागची लहर कोंडली, तरी पुढची मोकळीच आहे. काच, दरवाजा आणि पत्रा तिला फारसं अडवत नाहीत. भिंतीचाही साधा हिशोब असा, की सुराची वारंवारता निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची ताकद साधारण 6 डेसिबलने घटते. गाणाऱ्याच्या आवाजातल्या 1280 हर्ट्झपासून बेसच्या 40 हर्ट्झपर्यंत यायला पाच वेळा निम्मं करावं लागतं. म्हणजे कागदावर सुमारे 30 डेसिबलचा फरक. परिणाम असा, की गाडीत बसलेल्याला गाणं मिळतं आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंना फक्त धप्प. शब्द, चाल, गायकाचा गळा हे सगळं काचेआड राहतं. आपण शेजाऱ्याला आपलं संगीत ऐकवत नसतो, त्यातला ज्याला एरवी कुणी गाणं म्हणणार नाही असा उरलेला भाग पाठवत असतो.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं: 'नियमात आहे.' 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल. पण हे डेसिबल 'ए' प्रकारचे आहेत. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून या मापात ते वजा करून धरतात. 40 हर्ट्झला ही वजाबाकी जवळपास 35 डेसिबलची. म्हणजे कंपाउंडमध्ये 40 हर्ट्झचा 89 डेसिबलचा ठोका पडत असला, तरी तेवढ्यापुरता मीटर 55 च्या आतच राहील. मीटर खोटं बोलत नाही. त्याला कानाबद्दल विचारलंय आणि तो कानाबद्दलच सांगतोय. थरथरणारी खिडकी, वाजणारी भांडी, छातीत जाणवणारा धक्का याबद्दल त्याला कुणी विचारलेलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटलंय, की खालचे सूर ठळक असतील तर 'ए' माप पुरेसं नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. सगळ्या टेस्ट पास होतात आणि तरी वापरणारा वैतागलेला असतो, कारण त्याला जे खुपतं त्याची टेस्ट कुणी लिहिलेलीच नसते. 'नियमात आहे' हे वाक्य खरं असू शकतं आणि तरी ते शेजाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर नसतं.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे आणि ते झटकून टाकू नये. बोरिवली-घाटकोपरच्या वन रूम किचनमध्ये चार-पाच जणांत वाढलेल्या मुलाला दार लावून घेता येईल अशी खोली कधी मिळालेलीच नसते. हप्त्यावर घेतलेली गाडी ही त्याची पहिली खोली. तिथे कुणी 'आवाज कमी कर' म्हणत नाही. 'हेडफोन लाव की' हा सल्ला इथे अपुरा पडतो, कारण बेस कानाइतकाच अंगाने ऐकायचा असतो. ज्याला जागाच नव्हती त्याने थोडी जागा आवाजाने मिळवली, तर त्याला लगेच गुन्हेगार ठरवणं हे प्रशस्त घरात राहणाऱ्याचं नीतिशास्त्र आहे.

पण हाच युक्तिवाद एक मजला वर नेऊन बघा. तिथेही वन रूम किचनच आहे. नाइट शिफ्ट करून दिवसा झोपलेली नर्स, परीक्षा जवळ आलेला मुलगा, तान्हं बाळ. त्यांनाही दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. आपल्याकडे निदान गाडी आहे आणि ती पुढे नेता येते. त्यांना भिंत पुढे नेता येत नाही. जागेच्या टंचाईतून आपला हक्क निघत असेल, तर त्याच टंचाईतून त्यांचाही निघतो, आणि थोडा जास्तच. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात सांगितलं ते याच धर्तीचं होतं: तुम्हाला बोलण्याचा हक्क आहे, तसा दुसऱ्याला न ऐकण्याचाही आहे. नको असलेल्या दृश्यापासून मान वळवता येते. कानाला पापणी नाही.

मग डबा बनवू नये का? जरूर बनवावा. आपल्या हातांनी मोजून, कापून, चिकटवून केलेली वस्तू पहिल्यांदा वाजते तो आनंद खरा आहे, तो कुणाची माफी मागून घ्यायची गरज नाही. फक्त चाचणी एका जागी थांबवू नये. मित्राला गाडीत बसवून नेहमीचं गाणं लावायला सांगा आणि तुम्ही पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी घरात, खिडकी लावून उभे राहा. बऱ्याच अँप्लिफायरना ड्रायव्हरजवळ बसवायचा बेसचा नॉब मिळतो. गेटच्या आत तो कुठपर्यंत ठेवायचा ते त्या घरात उभं राहून ठरवा, आणि त्या घरातल्या माणसांना विचारून ठरवा. विचारण्यात धोका आहे, कारण ती 'नको' म्हणू शकतात. पण 'नको' ऐकायची तयारी नसेल, तर आपण परवानगी मागत नसतो, फक्त कळवत असतो.

पडद्यावर तळहात ठेवून आपण सुईएवढी फट शोधून काढतो, कारण तिने आपला आवाज बिघडतो. हीच नजर डिकीबाहेर वापरायला वेगळं कौशल्य लागत नाही, तिथे बिघडणारी गोष्ट दुसऱ्याची असते एवढाच फरक.